कुसळ दिसलं, मुसळ राहिलं

कम्पाउंडला लागून लावलेलं स्टायलिश फाउंटन ग्रास आपल्या कुत्र्याला बाधतं का? धुळ्यात ऐन भाऊबिजेला पडलेला हा प्रश्न. उत्तर मात्र मला जळगावला, आमच्याच अंगणात सापडलं...

भाऊबीज. सकाळचे साडेअकरा. धुळ्याला देवपुरात दादाच्या नव्या रो-हाउसचा हॉल. दादा पाटावर, माझ्या हातात ताट, वहिनी कॅमेरा घेऊन रेडी. आणि आमचा पेढा? तो कोपऱ्यात उभा राहून डोकं झटकतोय. एकदा, दोनदा, दहादा... कानांचा फटफट आवाज हॉलभर. मग डोकं डावीकडे कलंडलेलं, आणि कान जमिनीला घासत गोल गोल फेऱ्या.

पेढा म्हणजे आमचा कॉकर स्पॅनिअल. वय वर्षं तीन, रंग नावाप्रमाणे, कान जेवणाच्या ताटात बुडतील एवढे लांब. आई-बाबा त्याला घेतल्याशिवाय जळगाव सोडत नाहीत, म्हणून तोही आमच्याबरोबर नव्वद किलोमीटर गाडीतून भाऊबिजेला आलेला.

"मी म्हटलंच होतं, ते विलायती गवत नको म्हणून!" वहिनी.

झालं. सगळ्यांच्या नजरा खिडकीबाहेर. कम्पाउंडच्या भिंतीलगत फाउंटन ग्रासची रांग. जांभळट पानं, वरती मऊ मऊ तुरे, वारा आला की कारंजं उडाल्यासारखं सगळं डुलतं. लॅण्डस्केपवाल्याने दादाला हौसेने लावून दिलेलं. पेढा आल्यापासून त्यातच लोळत होता, वर चार पाती चघळूनही झाली होती.

"विषारी असेल गं ते," आई म्हणाली. दादा ओवाळून घ्यायचा थांबला आणि सरळ कुदळ आणायला निघाला.

मी म्हटलं, थांब. आधी डॉक्टर, मग कुदळ.

कुसय शे कुसय!

दिवाळीत जनावरांचा डॉक्टर मिळवणं म्हणजे काय असतं, ते ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना सांगायला नको. पाचव्या फोनला एक भले डॉक्टर दवाखाना उघडून बसलेले सापडले. आमच्याआधी तिथे बाकावर साक्रीकडचे एक आजोबा शेळी घेऊन बसले होते. पेढ्याला डोकं झटकताना त्यांनी एकदाच पाहिलं आणि मला म्हणाले, "काही नही माय, कुसय शे कुसय!"

अहिराणीत ळ चा य होतो. कुसळ झालं कुसय.

डॉक्टरांनी पेढ्याला हलकं गुंगीचं इंजेक्शन दिलं, कानात ऑटोस्कोप घातला आणि लांब चिमट्याने हळूच काहीतरी ओढलं. पांढऱ्या कापसावर ठेवलं. तपकिरी रंगाचं, टोकाला सुईसारखं, मागे पिळदार वाकडी शेपटी. शेळीवाल्या आजोबांनी बाकावरूनच मान डोलावली.

"सकाळी कुठे फिरायला नेलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

दादा गप्प. सकाळी सहाला तो पेढ्याला गाडीत घालून लळिंगच्या पायथ्याशी घेऊन गेला होता. मुंबई-आग्रा रस्त्याला लागून लळिंगचा किल्ला, खाली गवताळ माळ. कार्तिकातलं वाळलेलं गवत, कमरेपर्यंत. पेढा त्यात मनसोक्त हुंदडला. म्हणजे हे कुसळ कुसळी गवताचं होतं. बागेतल्या फाउंटन ग्रासचा त्यात काडीचाही संबंध नव्हता.

बाजरीची चुलत बहीण

दिवाळी संपली, पण माझं डोकं काही थांबेना. फाउंटन ग्रास सुटलं असेल, पण ते सेफ आहे का? आज धुळे-जळगावच काय, पुण्या-नाशकातही ऑफिसांच्या लॉबीबाहेर, कॅफेच्या दारात, सोसायटीच्या एन्ट्रन्सला हे गवत दिसतं. पाणी कमी लागतं, ऊन सोसतं, फोटोत मस्त येतं. आणि कुत्री पाळणारेही वाढलेत. मग वाचत बसले, डॉक्टरांना दोनदा फोन केले, ओळखीच्या माळ्याचं डोकं खाल्लं.

तर फंडा असा. फाउंटन ग्रास मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या भागातलं. वनस्पतिशास्त्रात त्याचं घराणं पेनिसेटम. आपली बाजरीही त्याच घराण्यातली! २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी हे सगळं घराणं उचलून सेंक्रस या वंशात घातलं. त्याच सेंक्रसमध्ये आपल्या कुरणांतलं अंजन गवतही आहे, गुरं ज्याच्यावर तुटून पडतात ते. म्हणजे दादाच्या भिंतीलगत उभी असलेली ती नटवी पाहुणी बाजरीची चुलत बहीण निघाली. बाजरीनेही कधीच बागेत एन्ट्री घेतली आहे. 'पर्पल मॅजेस्टी' नावाच्या गडद जांभळ्या शोभेच्या बाजरीला २००३ साली अमेरिकेत 'ऑल-अमेरिका सिलेक्शन्स'चं सुवर्णपदक मिळालं होतं. आपण जिची भाकरी करतो, ती तिकडे गुलाबाच्या शेजारी मिरवते.

कुत्र्यांना विषारी म्हणून फाउंटन ग्रासची ओळख नाही. चार पाती चघळली तर फार तर एखादी उलटी होईल. तुरे वाळले की त्यांतले केस गळतात आणि कुत्र्याच्या झुपकेदार अंगात, बोटांच्या बेचक्यात अडकतात. ते कुसळासारखे सुईदार नसतात, पण नाकात-डोळ्यात गेले तर त्रास देतात. जांभळ्या जातीला बी जवळपास धरत नाही. हिरव्या जातीचं बी मात्र वाऱ्यावर उडून कुठेही रुजतं. युरोपियन युनियनने २०१७ मध्ये तिला उपद्रवी परदेशी वनस्पतींच्या यादीत टाकलं. म्हणजे लावायचंच असेल तर जांभळं लावा. कुत्र्यासाठीही आणि शेजारच्या माळासाठीही.

या वाचनात माझी एक भलतीच फजिती झाली. परदेशातले कुत्रेवाले 'फॉक्सटेल, फॉक्सटेल' म्हणून ओरडत असतात. त्या गवताची कणसं कुत्र्याच्या अंगात घुसतात म्हणे. मी घाबरून आईला फोन केला, तर ती डाएटवाला 'फॉक्सटेल मिलेट'चा उपमा खात होती! ते बिचारं आपलं राळं. तिकडचं घातकी फॉक्सटेल म्हणजे जंगली बार्ली. इकडे तिची जागा कुसळीने घेतली आहे. नावांच्या नादी लागू नका, बी कसं आहे ते बघा.

कुसळाची वन-वे ट्रिप

कुसळीचं शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. कॉन्टॉर्टस म्हणजे पिळवटलेला. नावातच सगळं आलं. बियाच्या टोकाला तीक्ष्ण सुई, सुईवर मागे वळलेले बारीक राठ केस आणि मागे लांब शेपटी. पिकलं की या शेपट्या एकमेकींत गुंतून त्यांची वेणी होते. हवेत ओल आली की शेपटीचा पीळ उलगडतो, कोरडं झालं की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्याने बी स्क्रूसारखं जमिनीत शिरतं. पेरायला माणूस नको, बैल नको. निसर्गाचा सॉलिड ड्रिलर!

प्रॉब्लेम एवढाच की ड्रिलरला माती आणि कातडी यातला फरक कळत नाही. मागे वळलेल्या केसांमुळे ते पुढेच जातं, मागे येत नाही. कान, नाक, डोळे, पायाच्या बोटांची बेचकी, काख... जिथे केस आणि ओल तिथे त्याचा मुक्काम. वेळेत काढलं तर दहा मिनिटांचं काम. राहिलं तर कातडीखाली सरकत राहतं, गाठ येते, फुटते, पू येतो, गोळ्यांनी बरी होते आणि महिन्याने पुन्हा तिथेच. क्वचित ते छातीपर्यंत किंवा पोटापर्यंत पोचतं. आणि गवताची काडी एक्स-रेवर दिसत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करावा लागतो, आणि कुत्र्याच्या सीटी स्कॅनसाठी आपल्याकडच्या लोकांना मोठं शहर गाठावं लागतं.

लक्षणं ओळखायला मात्र डिग्री लागत नाही. फिरून आल्या आल्या एकदम डोकं झटकणं आणि मान एका बाजूला कलणं म्हणजे कान. धडाधड शिंका, एकाच नाकपुडीतून रक्त म्हणजे नाक. एक डोळा मिटून घेणं आणि पाणी येणं म्हणजे डोळा. एकच पंजा सतत चाटणं, बोटांमध्ये लालसर फुगवटा म्हणजे पंजा. यातलं काही दिसलं तर घरचा चिमटा, तेल, इअरबड असले प्रयोग करू नका. कुसळ अर्धवट तुटतं, टोक आत राहतं. डॉक्टरकडेच जायचं.

त्या आजोबांना हे सगळं एका नजरेत कळलं यात नवल काहीच नाही. साक्री तालुक्यातले ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या घेऊन फिरतात. कुसळी मेंढीच्या लोकरीत शिरते, कातडीत रुतते. कोवळेपणी हेच गवत उत्तम चारा, कुसळ धरलं की वैरी. म्हणून ते कुसळ धरायच्या आत चारायचं किंवा कापायचं, हा कुरणाचा जुना नियम. बागेलाही तोच लागू. तुरे वाळायच्या आत कात्री लावा, विषय संपला.

कुत्रा गवत का खातो?

हा प्रश्न प्रत्येक डॉगवाल्याचा पहिला. "पोट बिघडलं असेल म्हणून खातो" हे त्यावरचं घराघरातलं उत्तर. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय संशोधकांनी २००८ मध्ये १,५७१ कुत्रेमालकांची माहिती प्रसिद्ध केली. त्यातल्या ६८ टक्के मालकांच्या मते त्यांची कुत्री रोज किंवा आठवड्यातून एकदा तरी झाडपाला खातात, आणि त्यातही सर्वात जास्त गवत. खाण्याआधी कुत्रा आजारी वाटतो असं सांगणारे फक्त ८ टक्के. खाल्ल्यावर नेहमी उलटी होते म्हणणारे २२ टक्के. म्हणजे बहुतेक वेळा गवत खाणं हा कुत्र्याचा स्वभाव. आपण नाही का, जेवण झाल्यावर उगाच बडीशेप तोंडात टाकत!

"पण गवताने जनावरं मरतात की," असं बाबांनी मला ऐकवलं. त्यांचंही बरोबर आहे. खान्देशात कोणत्याही शेतकऱ्याला विचारा, ज्वारीचे कोवळे फुटवे खाऊन गुरांना किराळ लागते, तासाभरात जनावर आडवं होतं. कोवळ्या ज्वारीत असा घटक असतो की गाईच्या पोटात त्याचं सायनाइड होतं. पण गाय तो पेंढीने खाते, आणि तिच्या कोठीपोटातले जंतू ते विष झटपट मोकळं करतात. कुत्रा रवंथ करत नाही आणि चार पात्यांवर भागवतो. किराळीचा हिशेब फाउंटन ग्रासला लावता येत नाही.

गवती चहा मात्र कुत्र्याला फार खाऊ देऊ नका, त्याने पोट बिघडतं. आणि हो, हॉलमध्ये फुलदाणीत ठेवलेलं ते फॅशनेबल सुकं पाम्पास ग्रास! पिल्लाने त्याच्या काड्या आणि केस गिळले तर पोटात अडकू शकतात. ते जरा वरच्या शेल्फवर हलवा.

इथवर लिहून मी लेख पाठवूनही दिला असता. गवत निर्दोष, कुसळ दोषी, केस क्लोज्ड. पण दवाखान्यातली एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

डॉक्टरांचे तीन प्रश्न

पेढा गुंगीतून उठत होता. वहिनीने डॉक्टरांना विचारलं, "मग डॉक्टर, ते गवत उपटू की नको?" डॉक्टर हात धुता धुता म्हणाले, "गवताचं सोडा. मला तीन गोष्टी सांगा. बागेत सायकस आहे का? झाडांना पेंड कोणती घालता? आणि हुमणीला, वाळवीला काय टाकता?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो.

सायकस, म्हणजे नर्सरीवाले ज्याला सागो पाम म्हणतात ते. दिसायला ताडाचं पिल्लू, पण ताडाशी नातं नाही. डायनॉसॉरच्याही आधीपासून पृथ्वीवर असलेलं झाड. खोड जाडजूड, वर कडक चकचकीत पानांचा मुकुट. तुमच्या सोसायटीच्या गेटला दोन्ही बाजूंनी एकेक असेल, बघा. त्याचा प्रत्येक भाग कुत्र्याला विषारी, आणि नारिंगी बिया सगळ्यात जास्त. एक-दोन बियाही कुत्र्याचा जीव घ्यायला पुरतात. आधी उलट्या, मग डांबरासारखी काळी शी, दोन-तीन दिवसांत लिव्हर बसतं, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात.

पेंडीचं असं की एरंडीची पेंड हे छान सेंद्रिय खत. पण एरंडीच्या बियांतलं रायसिन नावाचं विष तेल काढल्यावर चोथ्यात राहतं. पेंड नीट तापवलेली नसेल तर ते नष्ट होत नाही. हाडांच्या चुऱ्यात मिसळून घातली की कुत्र्याला वाटतं, मातीत पार्टी आहे. रक्ताच्या उलट्या, रक्ताची शी. 'ऑर्गॅनिक' या शब्दाला आपण जाम भुलतो, पण एरंडाइतकं ऑर्गॅनिक दुसरं काय असणार?

आणि तिसरं, फोरेट. दाणेदार, उग्र वासाचं. केळीच्या भागात हे नाव सगळ्यांच्या तोंडात, तिथून ते लॉनमध्ये आणि कुंड्यांत कधी शिरलं कुणालाच कळलं नाही. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशाने त्याचं उत्पादन १ जानेवारी २०१९ पासून आणि विक्री-वापर ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला. पण माळ्याच्या खोलीतला, गावाकडच्या कोठीतला जुना डबा आदेश वाचत नाही. कुत्र्याच्या पोटात गेलं की तोंडाला फेस, थरथर, झटके. वेळेत डॉक्टरकडे पोचलं तर ॲट्रोपिनचं इंजेक्शन वाचवू शकतं. उशीर झाला तर कुत्रा हातचा जातो.

दादाकडे यातलं काहीच नव्हतं. त्याने हुश्श केलं. पण बाबा बाकावर एकदम गप्प झाले होते.

"आपल्याकडे सायकस आहे," ते म्हणाले.

राजा

जळगावचं घर २००४ मध्ये बांधलं. वास्तुशांतीच्या आठवड्यात बाबांनी फाटकाजवळ स्वतःच्या हाताने सायकस लावला. तेव्हा वीतभर होता. वर्षाला इंचभर वाढत वाढत आता कमरेला लागतो. उन्हाळ्यात जळगावचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेला की बाबा आधी सायकसला पाणी घालायचे, मग स्वतः प्यायचे. घराचे जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत तो आहे. माझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवसाच्या, दादाच्या वरातीच्या, सगळ्यांत.

पेढ्याच्या आधी आमच्याकडे राजा होता. आठ महिन्यांचं गावठी पिल्लू, जे दिसेल ते चावणार. चपला, झाडू, वर्तमानपत्र. सायकसच्या बुंध्याशी उकरत बसायचा त्याला भारी नाद. २०१९ च्या उन्हाळ्यात एका रात्री त्याला उलट्या सुरू झाल्या. आम्हाला वाटलं, ऊन लागलं. दुसऱ्या दिवशी काळी शी. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे. चौथ्या दिवशी गेला. कावीळ झाली म्हणून आम्ही सगळे रडलो, त्याला मेहरूणच्या बाजूला नेऊन पुरलं, आणि संध्याकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे सायकसला पाणी घातलं.

मी डॉक्टरांना विचारलं, "तेच असेल का?"

ते म्हणाले, "आता सांगता येणार नाही. लेप्टोनेही कावीळ होते, बाकीही कारणं असतात. त्या वेळी बागेत काय आहे ते कुणी विचारलं होतं का?"

कुणी विचारलं नव्हतं. आणि आम्हीही सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, हेच माहीत नव्हतं.

परतीचा रस्ता धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव. एरवी बाबा गाडीत रेडिओ लावतात. त्या दिवशी लावला नाही. पेढा मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपला होता, कानात औषध, तोंडाला अजून गुंगीची लाळ. आई मधेच म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ..." आणि वाक्य तसंच सोडून तिने खिडकीबाहेर पाहिलं. दादाच्या गवतावर तुटून पडलेले आम्ही चौघंही त्या म्हणीत फिट्ट बसत होतो.

बागेत एक चक्कर

येत्या वीकएण्डला मोबाइल खिशात ठेवून बागेत, टेरेसवर किंवा सोसायटीच्या लॉनवर एक चक्कर मारा. दहा मिनिटं पुरतात.

• लॉन हरळीचं किंवा कोरियन ग्रासचं आहे? बिनधास्त. फक्त वाढू देऊ नका. उंच गवतात गोचिड्या बसतात आणि गोचिडीतून येणारा ताप कुत्र्याचं रक्त पार उतरवतो.

• तुरेवालं शोभेचं गवत असेल तर तुरे वाळायच्या आत कापा. कापलेले तुरे तिथेच टाकू नका, पोत्यात भरा.

• दसरा ते संक्रांत, म्हणजे माळावरचं गवत पिकून वाळलेलं असतं त्या दिवसांत, फिरून आल्यावर रोज चार जागा तपासा. कान, डोळे, बोटांची बेचकी, काख. लांब केसांच्या कुत्र्याचे पंजातले आणि कानाखालचे केस बारीक ठेवा.

• सायकस, कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी. ही तीन झाडं कुत्रा आणि लहान मूल असलेल्या घरात नकोतच.

• पेंड घालायचीच तर निंबोळी पेंड घाला. खताचं पोतं उघडं ठेवू नका.

• सोसायटीच्या माळीदादांना विचारा, काय फवारता, कधी फवारता. विचारायला लाजू नका. फवारणीनंतर निदान ते पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला तिकडे नेऊ नका.

• कुत्र्याने काही खाल्लंय असं वाटलं तर त्या झाडाची फांदी किंवा औषधाचा डबा सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा. घरच्या घरी मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी बागेत काय काय आहे ते आपणहून सांगा.

फाटकाजवळची जागा

भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा बाबा अंगणात होते. हातात जुने मोजे चढवलेले, बरोबर दोन माणसं, पहार, कुदळ. कुणी त्यांना काही बोललं नव्हतं. सायकस निघायला दोन तास लागले. दिसायला कमरेएवढा, पण मुळं पार खाली गेलेली. बाबा एकेक पान स्वतः कापून पोत्यात भरत होते.

शेजारच्या काकांनी भिंतीवरून आवाज दिला, "अहो, फेकता कशाला? आम्हाला द्या की. चांगला दोन हजारांचा माल आहे."

बाबा म्हणाले, "नको. तुमच्या नातवाकडे कुत्रं आहे."

एवढंच. पोती टेम्पोत गेली. बाबा आत येऊन अंघोळीला गेले आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ आत राहिले.

दादाने फाउंटन ग्रास ठेवलंय. महिन्यातून एकदा तुरे छाटतो आणि छाटल्याचा पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो. लळिंगला आता तो पेढ्याला पावसाळ्यात, गवत कोवळं असताना घेऊन जातो.

आणि जळगावला फाटकाजवळ तो मोकळा गोल होता, त्यात बाबांनी नवीन काही लावलं नाही. नुसतं पाणी घालत राहिले, सवयीने. पहिल्या पावसानंतर तिथे आपोआप हरळी आली. आई चतुर्थीला तिथूनच दूर्वा खुडते. पेढाही तिथेच चार पाती खातो, मग आडवा होऊन लोळतो. बाबा पायरीवर बसून त्याचे पंजे उलटसुलट करून बघतात, एकेक बोट सुटं करून, चष्मा कपाळावर चढवून. रोज. न चुकता.